सात नंबर ठीक

बेलापुरात 'गोरक्ष वाकचौरे कुठं राहतात' असं विचारलं तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. 'छत्रीवाला गोरक्ष' म्हटलं की लगेच हात वर करून घर दाखवायची. ही छत्री पावसातली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात हा गडी विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत होता आणि पाठीवर बांधलेल्या रेशमी छत्रीच्या भरवशावर आभाळातून खाली आला होता. तेही एकदा नाही, चांगला अकरा वेळा. गावाचा यावर विश्वास बसायला दहा वर्षं लागली आणि बसल्यावर थट्टेला आयता विषय मिळाला. त्याची बायको छबूबाई तर चारचौघींत म्हणायची, "इमानातून उडी मारनारा माजा नवरा, अन् माळ्यावरची घागर काढायला त्याला शिडी लागती!"

आता तो पन्नाशी ओलांडून साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. अंगात खाकी कोट, खिशात शिट्टी. उसाच्या बैलगाड्या आत सोडायच्या, गाडीचा नंबर आणि हाकणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, हे त्याचं काम. गेटशेजारी टपालाची लाल पेटी होती. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गोरक्षचा अर्धा जीव त्या पेटीत असायचा, कारण पोस्टमन पेटी उघडायला आला की गेटवरचं टपालही देऊन जायचा आणि त्यात त्याचं महिन्याचं एक कार्ड असायचं.

त्या कार्डाची गोष्ट अशी. विमानात उडीच्या आधी दहा जण रांगेत उभे राहायचे. ज्यानं त्यानं आपल्या पुढच्याचे पट्टे, बकल, दोरी हातानं चाचपून बघायची. मग रांगेच्या शेवटच्या गड्यानं पुढच्याच्या खांद्यावर थाप मारून ओरडायचं, "दहा नंबर ठीक!" मग नऊ, मग आठ. शेवटी दारात उभ्या असलेल्या एक नंबरच्या खांद्यावर थाप पडली की त्याला समजायचं, मागं सगळं जागच्या जागी आहे. मग हिरवा दिवा लागायचा आणि रांग बाहेर. गोरक्ष एक नंबर होता.

पण उड्या शिकवल्या आणि लढाईला पाठवलं ते पायी, ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या डोंगरात. सरकारी कारभार तो. तिथं एका टेकडीवरून घाईघाईनं माघार घ्यावी लागली. त्या दिवशी नंबर मोजायचे राहून गेले. सात नंबरला वाटलं सहानं बघितलं असेल, सहाला वाटलं चारनं बघितलं असेल, आणि पाच नंबरचा भीमा पायाला गोळी लागून मागं झाडीत पडून राहिला. हे दोन कोसांवर आल्यावर लक्षात आलं. परत जायला हुकूम मिळाला नाही. भीमा किती वेळ हाका मारत होता, हे कुणालाच माहीत नाही आणि तेच सगळ्यांना आयुष्यभर पुरलं.

म्हणून सेहेचाळीस साली पलटण मोडली तेव्हा पुण्याच्या स्टेशनावर गोरक्षनं ठरवून टाकलं की आता मोजणी चुकवायची नाही. महिन्याच्या एक तारखेला दहा नंबरनं नऊ नंबरला कार्ड टाकायचं, 'दहा ठीक'. नऊनं आठला, 'दहा ठीक, नऊ ठीक'. असं करत महिनाअखेर दोन नंबरचं कार्ड गोरक्षकडे यायचं आणि त्यात सगळी रांग असायची. मग गोरक्षनं दहा नंबरला उलट कार्ड टाकायचं. त्यावर दोनच शब्द, 'हिरवा दिवा'. म्हणजे चला, पुढचा महिना. चार नंबर झेलमकडचा होता, तो फाळणीत पलीकडे गेला. पाच भीमाचा. ही दोन घरं मोकळी सोडून उरलेले आठ जण सव्वीस वर्षं ही मोजणी करत होते. कुणी भंडारदऱ्याच्या डोंगरात भात लावत होता, कुणी साताऱ्याकडे, कुणी पाथर्डीच्या खडकाळ रानात. भेटीगाठी म्हणाल तर बोटावर मोजण्याएवढ्या. पण कार्ड चुकलं नाही. जगातली कुठली घड्याळं बिघडोत, आपली रांग शाबूत आहे, या गोष्टीचा गोरक्षला एवढा अभिमान होता की कधीकधी ऐकणाऱ्याला तो नकोसा वाटायचा. 'भीमानंतर आपल्यातला एकही मागं एकटा पडला नाही,' हे तो ज्याला त्याला ऐकवायचा.

सत्तर साली छबूबाई तापानं गेली. गोरक्ष तिसऱ्या दिवशी गेटवर हजर झाला. त्या महिन्यातही दोन नंबरचं कार्ड आलं आणि त्यानं दहा नंबरला लिहिलं, 'हिरवा दिवा'. एक नंबरला कुणी 'ठीक का' विचारायचं नसतंच, तो विचारणारा. आणि ठीक नाही म्हणायची तर त्यांच्यात रीतच नव्हती. त्याला कारण होतं. शिकत असताना दुसऱ्या एका रांगेतला एक गडी ऐन दारात 'ठीक नाही' म्हणाला होता. विमान फिरवून परत आणावं लागलं. साहेबानं त्याची छत्री उघडणारी दोरी विमानातल्या तारेवरून सोडली, त्याला खाली बसवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या जुन्या पलटणीत हाकलून दिलं. भित्रा म्हणून. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याचा पट्टा खरोखरच तुटका होता. पण धडा काय मिळायचा तो मिळाला. त्यानंतर कुणाचे हातपाय कापत असोत नाहीतर तोंडाला कोरड पडलेली असो, खांद्यावर थाप पडली की ओरडायचं, ठीक.

बहात्तरचा दुष्काळ आला. पाथर्डी, जामखेडकडून माणसं लोंढ्यानं निघाली. कुणी खडी फोडायला गेलं, कुणी ऊस तोडायला. बेलापुराकडे पाटाचं पाणी होतं म्हणून थोडंफार हिरवं होतं आणि कारखान्याच्या मागच्या माळावर तोडकऱ्यांच्या कोप्यांची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांची, रांगच्या रांग उभी राहिली. गोरक्षला पाथर्डीच्या सात नंबरची, बन्सी पालवेची आठवण यायची. बन्सी म्हणजे हसरा, तिरकी टोपी घालणारा, विमानात चढताना 'आई, दार लाव गं' म्हणून सगळ्यांना हसवणारा. जाऊन यावं का, असं एकदा मनात आलं होतं. पण कार्ड आलं, 'सात ठीक', आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पाथर्डी तर एका एसटीच्या वाटेवर होती, पण तो गेला नाही.

पौष महिन्यात एका सकाळी गेटवर एक गाडी आली, ती बाई हाकत होती. पोतं पांघरलेली, काळीसावळी, हातात कासरा. तोडकऱ्यांच्या गाड्या नेहमी गडी हाकतात, म्हणून गोरक्षनं वहीतून डोकं वर काढलं.

"गाडीवाला कुठं गेला?"

"दीराला ताप हाय. मीच आनली."

"नाव सांग."

"चांगुना पालवे."

"गाव?"

"पाथर्डी तालुका, डोंगराकडंला."

गोरक्षचा टाक थांबला. "बन्सी पालवे म्हनून हाय तिकडं एक. लष्करातला. तुमचा कोन?"

बाईनं कासरा सैल सोडला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. तेव्हा गोरक्षला तिचं कपाळ दिसलं. मोकळं होतं.

"मी त्यांची मालकीन," ती म्हणाली. "तुमी एक नंबर का?"

मागं गाड्या खोळंबल्या होत्या. कुणीतरी ओरडत होतं. गोरक्षला काही ऐकू येत नव्हतं. "कवा?" एवढंच त्यानं विचारलं.

"आखाडात. सा म्हैनं झालं."

त्यानं हातानंच गाडी आत सोडली. त्या वेळी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात डिसेंबरचं कार्ड होतं. त्यावर दोन नंबरच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'सात ठीक'.

दुपारी पाळी सुटल्यावर तो कोप्यांकडे गेला. उसाच्या पाचटाच्या कोपीसमोर बैल उसाच्या शेंड्यांची वाढं खात बसले होते. चांगुणानं त्याला पोत्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि न विचारताच आतून पत्र्याचा एक डबा आणला. त्यात पोस्टकार्डं होती. एकेक उचलून गोरक्षनं वाचलं. सगळ्यांवर बन्सीचं गोल, लष्करात शिकलेलं अक्षर. सगळ्यांवर एकच मजकूर. 'दहा ठीक, नऊ ठीक, आठ ठीक, सात ठीक.' वर सहा नंबरचा पत्ता.

"बारा लिवली हुती," चांगुणा म्हणाली. "सा ग्येली, सा ऱ्हायली. जाताना म्हन्ले, दर म्हैन्याला एक पेटीत टाकत जा. खंड पाडू नको. आठ नंबरचं कार्ड गावाकडं येतंय, ते सासू जपून ठिवती. हितं आल्यापास्नं मी तुमच्या गेटाच्या पेटीतच टाकते."

गोरक्षच्या नाकासमोरच्या पेटीतून ती कार्डं गेली होती. तिथून ती सहा नंबरला जाऊन, फिरून फिरून, 'ठीक' होऊन त्याच्याच हातात परत आली होती. शिक्का पाथर्डीऐवजी बेलापूरचा होता, पण तो कुणी बघितला नाही. शिक्का बघायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

"झालं काय त्याला?"

"खोकला. दोन वर्सं. मंग रगत पडाया लागलं. तरी खडी फोडाया जायाचे."

"दोन वर्षं! आन् मला एका शब्दानं कळवलं न्हाई? नगरला लष्कराचा एवढा मोठा दवाखाना हाय, वहिनी. मी हाताला धरून न्हेला आसता. माझ्या वळखीचे लोक हायेत तिथं!"

त्याचा आवाज चढला होता. बैलांनी माना वर केल्या. 

"मी म्हन्ले हुते त्यास्नी, एक नंबरला लिवा. धा येळा म्हन्ले. ते म्हनायचे, मी न्हाई म्हन्लं की समद्यांची उडी थांबती. इमान माघारी फिरतंय. माज्या एकट्यापायी रांग कशाला आडवायची?"

गोरक्षला हुंदका आला. तो त्यानं आवरला नाही. सव्वीस वर्षं ज्या मोजणीच्या जिवावर तो मान ताठ करून फिरला, तिनं बन्सीला झाडीत एकटा टाकला होता, भीमासारखाच. फरक एवढाच, की भीमानं निदान हाका मारल्या असतील. बन्सीनं मरायच्या आधी बसून पुढच्या वर्षभराचं सगळ्यांचं ठीक लिहून ठेवलं होतं. आणि त्यातलं एकही अक्षर चुकलं नव्हतं, कारण दुसरं काही कुणी कधी लिहितच नव्हतं.

कार्डं पुन्हा डब्यात ठेवत चांगुणानं विचारलं, "आता तुमी आमचा नंबर काडनार का, भावजी?"

"म्हंजे?"

"म्हैन्याला येक टपाल येतंय आमच्या दारात. दुसरं कुनाचं येत न्हाई. मला वाचता येत न्हाई, पन कार्ड आलं की वाटतं, कुनीतरी मागं हुबं हाय. म्हनून मीबी धाडत ऱ्हायले. त्यांनी सांगितलं म्हनून न्हाई. मी खोटं केलं, मला म्हाईत हाय."

"नंबर तुमचा हाय," गोरक्ष म्हणाला. "सात नंबर तुमी."

त्यानं डब्यातली सहाही कार्डं मागून घेतली. मग त्या आठवड्यात त्यानं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच रांग मोडली आणि सहाही जणांना सरळ एकेक कार्ड लिहिलं. 'बन्सी आखाडात गेला. छातीचा रोग होता. आपण ठीक ठीक करत राहिलो आणि तो खडी फोडत राहिला. सात नंबर आता चांगुणावहिनी. या खेपेला खरं लिहा. पट्टा तुटका असेल तर तुटका लिहा. कुणाची दोरी कुणी सोडणार नाही. ही माझी आज्ञा समजा नाहीतर विनवणी समजा.' आठ नंबरला जास्तीची एक ओळ लिहिली, की सातचं कार्ड माझ्या गेटवर पाठव.

ते कार्ड माघात आलं. चांगुणा येईपर्यंत त्यावरची मोजणी त्यानं वाचली नाही. कारखान्यात भोंगा झाला होता आणि चांगुणा तोडीवरून परतत होती, तेव्हा त्यानं तिला गेटवर थांबवलं. उलट्या ठेवलेल्या टोपलीवर ती बसली. कार्डावरचं त्यानं तिला वाचून दाखवलं नाही, 'ज्याचं त्यानं' म्हणाला, आणि सहा नंबरसाठी नवं कोरं कार्ड मांडीवर घेतलं. आठपर्यंतचा मजकूर बघून उतरवला, तेव्हा त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"सांगा वहिनी, काय लिहू?"

चांगुणानं हात मांडीवर घेतले. हातावर उसाच्या पात्यांनी कापलेल्या रेघा होत्या, त्यावरून ती अंगठा फिरवत होती.

"लिवा," ती म्हणाली. "सात नंबर ठीक न्हाई." मग पुढं म्हणाली, "पन हाय."

त्यानं तसंच लिहिलं आणि पेटीत टाकायला तिच्याच हातात दिलं.

फाल्गुनात दोन नंबरचं कार्ड आलं. दोन नंबर म्हणजे भंडारदऱ्याकडचा काकासाहेब, अक्षराला किरटा आणि शब्दाला कंजूष. पण या खेपेला कार्ड एवढं गच्च भरलेलं होतं की मजकूर पत्त्याच्या बाजूला गेला होता, आणि तिथून कडेकडेनं उभा चढला होता. गोरक्ष स्टुलावर बसला आणि वाचू लागला.

'दहा ठीक नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कार्ड तीन वर्षं सून लिहिते. नऊ ठीक नाही, थोरला मुलगा एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नाही. आठ ठीक नाही, विहिरीला पाणी नाही, गुरं छावणीत, त्यातली दोन मेली. सात ठीक नाही, पण आहे. सहा ठीक नाही, पोरं वेगळी राहिली, बोलत नाहीत. तीन खरोखर ठीक, उगाच काळजी नको. दोन ठीक नाही. भीमाची हाक ऐकू येते, रोज येते, कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.'

आठपर्यंतचं त्यानं माघात स्वतःच उतरवलं होतं, तरी गोरक्षनं ते सगळं तीनदा वाचलं. नऊचा मुलगा गेला त्या डिसेंबरातलं कार्ड त्याला आठवलं. नऊ ठीक. त्या कार्डाला उत्तर म्हणून त्यानं हिरवा दिवा लावला होता. सगळ्यांना त्यानंच एकामागून एक दाराबाहेर ढकललं होतं, महिन्याच्या महिन्याला, मोठ्या अभिमानानं.

गाड्यांचा आवाज येत होता. त्यानं कोऱ्या कार्डावर दहा नंबरचा पत्ता घातला. मग मजकुराच्या जागी 'हिरवा' लिहायला टाक टेकवला आणि तसाच उचलला. सव्वीस वर्षांत त्यानं आपला स्वतःचा नंबर एकदाही लिहिला नव्हता. आता तोच आधी लिहिला.

'एक नंबर ठीक नाही. छबूबाई जाऊन दोन वर्षं होऊन गेली. तुम्हाला कळवलं नाही. घरी गेलो की दिवा लावायचं जिवावर येतं. पण आहे. या महिन्यात हिरवा दिवा नाही. विमान माघारी फिरवलं आहे. आधी तुझ्याकडे येतो, मग नऊकडे, मग आठकडे.'

कार्ड पेटीत टाकून तो टाइम ऑफिसात गेला. टाइमकीपर शामकांतराव हजेरीपट लिहीत बसले होते. गोरक्षनं पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज पुढे ठेवला. अकरा वर्षांच्या नोकरीत या माणसानं सलग तीन दिवस रजा घेतलेली त्यांना आठवत नव्हती.

"ऐन गळिताच्या हंगामात, गोरक्षराव? कारण लिहिलेलं नाही तुम्ही."

"घरात मयत झाली, साहेब," गोरक्ष म्हणाला.

शामकांतरावांनी टाक खाली ठेवला. "अरे अरे. कधी?"

"दोन वर्सं झाली," गोरक्ष म्हणाला, आणि त्यांच्या टेबलाचा कोपरा धरून उभ्या उभ्या रडू लागला.